फी भरण्याआधी वही उघडा: ऑनलाइन ‘साइड इन्कम’ कोर्सचा खरा खर्च

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं कर सल्ल्याचं लहानसं ऑफिस आहे. आयकर, जीएसटी, दुकानदारांच्या वह्या हे रोजचं काम. गेल्या चार-पाच वर्षांत त्यात एका नव्या प्रकारच्या माणसांची भर पडली आहे. खाजगी शाळेतले शिक्षक, एमआयडीसीत पाळीवर जाणारी मुलं, घर सांभाळणाऱ्या बायका. हातात मोबाइल, त्यावर जीएसटीच्या विलंब शुल्काचा मेसेज, आणि पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं: “मॅडम, धंदा तर सुरूच झाला नाही, मग हे पैसे कसले?”

खोदून विचारलं की कळतं, घरबसल्या कमाईचा ऑनलाइन कोर्स केला होता. कोर्सची फी प्रत्येकाला तोंडपाठ असते. फीनंतर किती गेले, ते मात्र कोणी लिहून ठेवलेलं नसतं. मग आम्ही दोघं मिळून पासबुकातून एकेक नोंद शोधतो. बेरीज झाली की समोरचा माणूस गप्प होतो. असं गप्प बसायची वेळ फी भरण्याआधी यावी, म्हणून हे लिहिते आहे.

कोर्सची किंमत जाहिरातीतल्या फीवरून मोजू नका. फी भरल्यापासून तुमच्या खात्यात निव्वळ नफ्याचा पहिला रुपया पडेपर्यंत जे जे खर्च होईल, ती त्या कोर्सची किंमत. एक साधी शंभर पानी वही घ्या, पहिल्या पानावर कोर्सचं नाव लिहा आणि पुढच्या पायऱ्या करत जा. लिहिण्याचं काम दोन संध्याकाळींचं आहे, पहिल्या आणि सहाव्या पायरीतल्या पडताळणीला मात्र एकेक आठवडा जाईल.

पायरी १: ९९ रुपयांचं वेबिनार कशासाठी असतं ते ओळखा

रील बघताना जाहिरात येते: रविवारी सकाळी ११ वाजता लाइव्ह वेबिनार, फक्त ९९ रुपये. कधी ४९, कधी फुकट. या ९९ रुपयांवर कोणाचंही पोट भरत नाही. तुम्हाला तिथवर आणायला त्यांचा जाहिरातीवर सहसा याहून जास्त खर्च झालेला असतो. त्या बदल्यात त्यांना दोन गोष्टी मिळतात. ऑनलाइन पैसे भरायला तयार असलेली माणसं वेगळी निघतात आणि त्यांचे मोबाइल नंबर हाती येतात.

तीन तासांच्या वेबिनारचा पहिला तास शिकवणाऱ्याच्या हलाखीच्या दिवसांचा असतो: पत्र्याचं घर, वडिलांचं कर्ज, मग नवी गाडी. दुसऱ्या तासात स्क्रीनशॉट येतात. तिसऱ्या तासात एकूण मूल्य १,८७,००० रुपये, आज रात्री १२ पर्यंत फक्त ९,९९९, आणि कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ.

स्क्रीनशॉटबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या कोणत्याही पानावरचा आकडा दोन मिनिटांत बदलता येतो, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. आणि आकडा खरा असला तरी तो विक्रीचा असतो. “या महिन्यात १२ लाख” म्हणजे १२ लाखांचा माल विकला. त्यातले हातात किती राहिले, हे ते पान सांगत नाही. हा फरक पुढे चौथ्या पायरीत आकड्यांनी दाखवते.

घड्याळाचं म्हणाल, तर केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी त्यात आहे आणि खोटी घाई निर्माण करणं ही त्यातलीच एक. स्वतः खात्री करून घ्या. त्या रात्री पैसे भरू नका आणि पुढच्या रविवारचं वेबिनार दुसऱ्या नंबरवरून बघा. तीच किंमत, तीच रात्रीची मुदत दिसली, तर वहीत तशी नोंद करा.

वेबिनारनंतर दोन दिवसांत फोन येतो. बोलणारा स्वतःला समुपदेशक म्हणवतो, पण त्याचं काम विक्रीचं असतं आणि त्याला महिन्याचं टार्गेट असतं. तो तुमचा पगार विचारेल, मुलांच्या शाळेची फी विचारेल, मग म्हणेल, “ताई, खर्च म्हणून बघू नका, गुंतवणूक म्हणून बघा.” वाद घालत बसू नका. एवढंच म्हणा: “तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते सगळं ईमेलवर लिहून पाठवा, मी घरात दाखवते.” फोनवर कमाईची खात्री देणारा लेखी द्यायला क्वचितच तयार होतो. दिलंच, तर ते पत्र पुढे तुमच्या उपयोगाचं.

पायरी २: शिकवणाऱ्याचं पोट कशावर चालतं ते शोधा

पावती किंवा वेबसाइटवरून कंपनीचा जीएसटी नंबर घ्या. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता कोणाचाही नंबर शोधता येतो. कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, व्यवसायाचं स्वरूप, विवरणं (रिटर्न) वेळेवर भरली आहेत का, हे सगळं तिथे दिसतं. ‘दहा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी आठ महिन्यांपूर्वीची निघाली, तर त्यालाच विचारा. एखादं सरळ कारणही असू शकतं. फीवर १८ टक्के जीएसटी घेतला आणि पावतीवर नंबरच नाही, याला मात्र सरळ कारण नसतं. खाजगी मर्यादित कंपनी असेल, तर तिची स्थापना कधीची आहे तेही कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फुकट कळतं.

मग त्यांना हा प्रश्न विचारा: “तुम्ही जे शिकवता, त्याच धंद्यातून तुमची गेल्या वर्षीची कमाई किती आणि कोर्स विकून किती?” उत्तर टाळलं, तर ते टाळणंही वहीत लिहा.

इथे ‘ॲफिलिएट मार्केटिंग’ नावाने चालणाऱ्या एका प्रकाराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे खेड्यापाड्यांत सगळ्यात जास्त नुकसान मी याचंच पाहिलं आहे. दुसऱ्याची खरीखुरी वस्तू विकून दलाली मिळवणं, हा ॲफिलिएट मार्केटिंगचा सरळ अर्थ, आणि त्यात गैर काही नाही. पण काही कोर्समध्ये पाच हजारांचं पॅकेज घेतल्यावर शिकवतात काय, तर तेच पॅकेज पुढच्याला कसं विकायचं. पहिला गृहपाठ असतो ओळखीच्या १०० जणांची यादी करण्याचा.

कोरेगाव तालुक्यातली एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांनी यादी केली आणि त्यात आपल्याच बचत गटातल्या सहा जणींना पॅकेज घ्यायला लावलं. दलाली मिळाली, तेव्हा त्यांना खरोखर वाटलं की आपण मैत्रिणींचं भलं करतोय. पुढे त्या सहा जणींना आणखी बायका मिळेनात. गटाच्या बैठकीत कोणी त्यांना काही बोललं नाही, पण ताईंनीच बैठकीला जाणं बंद केलं. शिवणकामाच्या पैशांतून दीड वर्ष थोडे थोडे करून त्यांनी सहाही जणींचे पैसे फेडले. ती सगळी नोंद त्यांनी एका वहीत ठेवली होती आणि ती वही मला दाखवायला आणली होती. पाच हजारांच्या त्या कोर्सची खरी किंमत मला त्या दिवशी कळली.

म्हणून विचारा: “मी एकही नवीन माणूस जोडला नाही, तरी मला पैसे मिळतील का? कोणाकडून आणि कशाचे?” माणसं जोडण्यावरच पैसा फिरत असेल, तर तो प्रकार १९७८ च्या पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणाऱ्या कायद्यात बसू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. अशा साखळीत तुम्ही दुसऱ्याला जोडलंत, तर उद्या तक्रारीत तुमचंही नाव येऊ शकतं.

ट्रेडिंगच्या क्लासबद्दल एकच आकडा पुरे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे बाजारात (फ्युचर्स-ऑप्शन्स) व्यवहार करणाऱ्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला. तो तोटा सरासरी २ लाख रुपयांच्या आसपास होता. याला जोडधंदा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘टायपिंगचं काम, आधी नोंदणी शुल्क भरा’ किंवा ‘व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा, मोठ्या टास्कसाठी आधी पैसे भरा’ हे कोर्सही नव्हेत आणि कामही नव्हे. ती सरळ फसवणूक आहे. टायपिंगवाले पुढे “अचूकता कमी भरली” म्हणून वकिलाच्या नावाने व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवतात आणि अटकेची भीती घालतात. करारातलं टायपिंग अपुरं राहिलं म्हणून कोणाला अटक होत नाही. घाबरून एक रुपयाही भरू नका, नोटीस जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पायरी ३: फीच्या आत काय काय दडलं आहे ते मोजा

९,९९९ ‘अधिक जीएसटी’ म्हणजे ११,७९९. हे झालं साधं गणित.

हा कोर्स म्हणजे पहिला मजला असतो. आतल्या व्हिडिओंत नेमक्या मोक्याच्या जागी “हे आपण ॲडव्हान्स बॅचमध्ये बघू” येतं, आणि ती ॲडव्हान्स बॅच, मेंटॉरशिप, ‘इनर सर्कल’ ४०-५० हजारांपासून पुढे असते. म्हणून फी भरण्याआधी विचारा की यानंतर आणखी किती पातळ्या आहेत आणि प्रत्येकीची फी किती. सगळ्यांची बेरीज वहीत लिहा, कारण अर्ध्यावर पोचलेल्या माणसाला पुढचे पैसे भरण्यावाचून मार्ग दिसत नाही.

एवढे पैसे नाहीत म्हटलं, तर ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते, पुढे येतो. फोनवरचा माणूस आधार आणि पॅन मागतो, ओटीपी विचारतो आणि दहा मिनिटांत ‘सीट बुक झाली’ म्हणतो. त्या दहा मिनिटांत तुमच्या नावावर कर्ज झालेलं असतं. कोर्सवाल्याला पैसे एकरकमी मिळतात, हप्ते मात्र तुम्ही कर्ज देणाऱ्या संस्थेला देणं लागता. पुढे व्हिडिओ आवडले नाहीत किंवा कोर्सवाल्याने दुकान बंद केलं, तरी हप्ता थांबत नाही. हप्ता चुकला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या तुमच्या इतिहासात, नोंद होते, आणि मग दोन वर्षांनी घरकर्जाच्या वेळी बँकेत त्याचं उत्तर द्यावं लागतं. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळाच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे इथे एक दार मात्र उघडं राहतं. डिजिटल कर्जात ग्राहकाला विचार बदलण्यासाठी किमान एक दिवसाची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं, तर दंड न भरता कर्ज बंद करता येतं, फार तर प्रक्रिया शुल्क जातं. ही मुदत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाच्या कागदावर लिहिलेली असते. तो कागद मागून घ्या आणि मगच ओटीपी सांगायचा की नाही ते ठरवा.

‘३० दिवसांत पैसे परत’ हे वाचलं की बारीक अक्षरातल्या अटी उघडा. मी पाहिलेल्या अटी अशा: सगळे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेले असावेत, सगळे गृहपाठ दिलेले असावेत, जाहिरातीवर ठरावीक रक्कम खर्च केल्याचा पुरावा द्यावा. नोकरी करणाऱ्या माणसाला हे ३० दिवसांत जमणं कठीण, आणि जमवलंच तर परत मिळणाऱ्या फीपेक्षा जाहिरातीवर जास्त गेलेले असतात.

आणि ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप कापले जाणारे पैसे. ‘कम्युनिटी’ची पहिल्या महिन्याची वर्गणी १ रुपया, पुढे दरमहा ९९९. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते. आज संध्याकाळीच ती एकदा उघडून बघा.

पायरी ४: शंभर ऑर्डरींचा हिशेब स्वतः मांडा

या पायरीला घाई करू नका. उदाहरणासाठी मी ऑनलाइन विक्रीचा कोर्स घेते, ज्यात घाऊक बाजारातून वस्तू उचलून स्वतःच्या वेबसाइटवर विकायला शिकवतात. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या वस्तूचे तुम्ही घाला. खर्चाच्या बाबी मात्र याच राहतील.

गाडीत मोबाइल लावायचा स्टँड घ्या. विक्री किंमत ६९९. वेबिनारमध्ये फळ्यावर लिहितात: खरेदी २२०, कुरिअर ७५, जाहिरात १७०. उरले २३४. महिन्याला १०० ऑर्डर आल्या की २३,४००. वाचताना कुठेच खोट दिसत नाही.

आता माझ्या ऑफिसातल्या वहीप्रमाणे मांडू. आपल्याकडे बरीच गिऱ्हाइकं घरी वस्तू आल्यावर पैसे देतात. दारात आलेलं पार्सल नाकारायला त्यांना काही खर्च नसतो. कोणी फोन उचलत नाही, कोणी गावाला गेलेलं असतं, कोणाला तोवर दुसरीकडे स्वस्त मिळालेलं असतं. शंभरातली २५ पार्सलं परत आली असं धरू.

७५ वस्तूंची विक्री ५२,४२५ रुपये. जाहिरात मात्र शंभर ऑर्डरींची झाली, १७,००० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २०,०६०. जाण्याचं कुरिअर शंभरांचं, ७,५००. परत येणाऱ्या २५ पार्सलांचं प्रत्येकी ६५ प्रमाणे १,६२५. घरी पैसे गोळा करण्याचा आकार ७५ पार्सलांवर ३० प्रमाणे २,२५०. खोकी, टेप, लेबल १,०००. विकलेला माल १६,५००, आणि परत आलेल्यांपैकी ५ तुटके निघाले ते १,१००. सगळा खर्च ५०,०३५. उरले २,३९०.

अजून जीएसटी बाकी आहे. ६९९ मध्ये १८ टक्के कर आत धरलेला आहे, म्हणजे विक्रीवर सुमारे ८,००० रुपये सरकारचे. खरेदी, कुरिअर, जाहिरात, पॅकिंग यांवर भरलेल्या कराची वजावट मिळून साधारण ५३० रुपये रोख भरावे लागतील. पण ही वजावट पक्क्या बिलावरच मिळते. घाऊकवाल्याने “बिल नको, दहा रुपये कमी देतो” म्हटलं आणि तुम्ही ते मान्य केलंत, तर वस्तूवरची अडीच हजारांची वजावट गेली आणि ५३० चे तीन हजारांवर झाले. दहा-दहा रुपयांची सूट धरली तरी हातात जेमतेम दीडशे उरतात. बिल न घेणाऱ्या नवख्यांना मी हेच गणित समोर बसवून करायला लावते.

बिल घेतलं असं समजू. उरले १,८६०. वेबसाइटचं भाडं महिन्याला दोन हजारांच्या आसपास धरा. झालं शून्य. शंभर पार्सलं बांधण्याची रात्रीची जागरणं यात कुठेच धरलेली नाहीत.

यावरून ऑनलाइन विक्री चालतच नाही, असं कोणी समजू नये. ती नीट करणारी माणसं माझ्या यादीत आहेत. त्यांचं बघून सांगते, त्यांनी परत येणारी पार्सलं कमी केली. ऑर्डर आल्यावर स्वतः फोन करून पत्ता पक्का करतात, आगाऊ पैसे देणाऱ्याला ३०-४० रुपये सूट देतात आणि जिथून माल वारंवार परत येतो ते पिनकोड बंद करतात. वरच्या हिशेबात २५ च्या जागी १० घाला आणि स्वतः करून बघा. कोर्सच्या मजकुरात परत येणाऱ्या मालावर किती तास आहेत, हे विचारलंत, तर शिकवणाऱ्याने स्वतः कधी पार्सल बांधलं आहे का ते लगेच कळतं.

वेबसाइटच्या नावाचं आणि होस्टिंगचं पहिल्या वर्षाचं बिल स्वस्त असतं. नूतनीकरणाचा दर आधीच बघून वहीत लिहा.

पायरी ५: सरकारी कागद

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची अडचण इथली असते, कारण कोर्समध्ये “जीएसटी काढून घ्या” एवढं एक वाक्य असतं.

महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत. पण वस्तू राज्याबाहेर पाठवायची म्हटली, की थोडे अपवाद सोडता पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. ॲमेझॉनसारख्या मोठ्या मार्केटप्लेसवरून फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीतून सूट आहे, त्यांनी फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. सुरुवात करणाऱ्यासाठी हा मार्ग फार सोयीचा आहे आणि तो मी अजून एकाही वेबिनारमध्ये ऐकलेला नाही.

नोंदणी फुकट होते, पण पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या घरात राहत असाल, तर भाडेकरार, घरमालकाचं संमतीपत्र आणि लाइटबिल लागेल. घरमालकाला आधी विचारा. “माझ्या घराला टॅक्स लागेल” या भीतीने बरेच जण नकार देतात.

नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी विवरण भरावंच लागतं. शून्य विवरणाला उशीर झाला, तर रोज २० रुपये आणि एका विवरणाला जास्तीत जास्त ५०० रुपये विलंब शुल्क. मासिक विवरणं वर्षभर राहिली, की १२ विवरणांचे ६,०००. सुरुवातीला सांगितलेला मोबाइलवरचा मेसेज तो हाच. विवरणं भरून घेण्याची फी आमच्या भागात महिन्याला पाचशेपासून पुढे आहे, तीही खर्चात धरा.

लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे. खेळणी विकणार असाल, तर १ जानेवारी २०२१ पासून त्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बिनाचिन्हाची आयात खेळणी विकायला शिकवणारा कोर्स तुम्हाला थेट दंडाच्या दारात नेतो.

पायरी ६: वेळ आणि नोकरी

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असाल, तर परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. खाजगी नोकरीत नेमणूकपत्र काढून वाचा. बायकोच्या नावावर सुरू करून काम आपणच करायचं, हा सल्ला वेबिनारमध्ये सर्रास देतात. त्यात कागदोपत्री सगळी जबाबदारी तिच्यावर येते: नोटीस तिला, कर्ज तिचं, सिबिल तिचं. तिच्याशी बसून बोलल्याशिवाय हे कोणी करू नये.

वेळेचं मोजमाप सोपं आहे. एक आठवडा, काहीही विकत न घेता, रोज रात्री दोन तास ठरलेल्या वेळी बसा आणि पुढच्या पायरीतलं काही शिका. सातपैकी किती दिवस बसणं झालं, तो आकडा वहीत लिहा. डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्या माझ्या भावाचा आकडा दोन आला. त्याने कोर्सचा विचार सोडला आणि शनिवार-रविवारी दहावीच्या दोन मुलांना गणित शिकवायला घेतलं.

पायरी ७: तेच आधी फुकट शिकून बघा

कोर्सची विषयसूची समोर ठेवा आणि एकेक विषय फुकट कुठे मिळतो ते शोधा. गूगलवरच्या जाहिराती स्किलशॉपवर शिकता येतात, प्रमाणपत्रासह. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती मेटा ब्लूप्रिंटवर. ॲमेझॉनची सेलर युनिव्हर्सिटी विक्रेत्यांना पहिल्यापासून शिकवते. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर हिशेब आणि विपणनाचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत.

माणसासमोर बसून शिकायचं असेल, तर आपल्या जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जाऊन या. ग्रामीण भागातल्या तरुण-तरुणींसाठी प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत असतं, आणि नंतर बँक कर्जासाठीही मदत होते. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची जिल्हा कार्यालयं आहेत. या ठिकाणी रिंग लाइट आणि गाड्या नसतात म्हणून लोक जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैसे देऊन शिकण्यासारखे कोर्सही असतात. टॅली, व्हिडिओ एडिटिंग, शिवणकाम, मराठी टायपिंग आणि डीटीपी. यांना मी एकच कसोटी लावते: हे शिकल्यावर माझ्या तालुक्यात याचे पैसे देणारी दोन माणसं मला आज नावानिशी सांगता येतात का? आमच्याच इमारतीतल्या एका मुलीने तीन महिने टॅली शिकून दोन दुकानांच्या वह्या घेतल्या. तिला कोणी कमाईचं आश्वासन दिलं नव्हतं.

पायरी ८: पैसे आधीच गेले असतील तर

लाज वाटून गप्प बसू नका. वेळ महत्त्वाची आहे.

सरळ फसवणूक असेल, तर त्याच तासात १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. कोर्स खरा, पण आश्वासन खोटं, असं असेल, तर आधी ईमेलने पैसे परत मागा. वेबिनारची जाहिरात, व्हॉट्सॲपवरची बोलणी, पावती, अटींचं पान, सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. ऑटोपे बंद करा. कर्ज घेतलं असेल, तर नुसता हप्ता थांबवू नका. कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी तक्रार करा.

उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची.

आणि धंदा बंद करायचा ठरवलात, तर जीएसटी नोंदणी तशीच सोडू नका. आधी राहिलेली विवरणं भरा, मग रद्द करण्याचा अर्ज द्या. रद्द झाल्याचा आदेश आला की तीन महिन्यांत अंतिम विवरण भरावं लागतं, तेच बहुतेक जण विसरतात. ते भरल्याची पोचपावती छापून वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून ठेवा.